पुरातल्या बोटीचा पंखा

कर्जत तालुक्यातून वाहणारी उल्हास आणि खालापूर तालुक्यातली पाताळगंगा या नद्या पावसाळ्यात झपाट्याने फुगतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्याच पुरात, कर्जतच्या खालच्या अंगाला, बदलापूर-वांगणीदरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसच्या प्रवाशांना काढण्यासाठी रबरी बोटी आणाव्या लागल्या. अशा बोटीच्या मागच्या फळीवर बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाची ताकद पाण्याला कितपत लागते, हे पंख्याच्या निवडीवर ठरते.

पंख्याची ओळख साधारणतः दोन मापांनी होते: एक व्यास आणि दुसरे पिच, म्हणजे लाकडात शिरणाऱ्या स्क्रूप्रमाणे पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकला असता ते अंतर, जे पाणी निसटत असल्यामुळे प्रत्यक्षात कमी भरते. जास्त पिचचा पंखा हलक्या बोटीला वेग देतो, पण माणसांनी भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध नेताना तोच इंजिनाला जड जातो. म्हणून चाचणी पूर्ण भार घालून, थ्रॉटल पूर्ण उघडूनच व्हायला हवी. रिकाम्या बोटीवरचा आकडा फसवा असतो. मिनिटाला होणारे फेरे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, म्हणजे अनेक इंजिनांत ५००० ते ६००० च्या दरम्यान, पोहोचत नसतील तर पिच कमी करावा. एका इंचाने साधारण १५० ते २०० फेरे वाढतात.

पोलादी पंखा मजबूत असला तरी खडकावर आपटल्यास धक्का गिअरपर्यंत जाऊ शकतो, तर ॲल्युमिनियमचा वाकतो आणि स्वस्तात बदलता येतो. भोवतीच्या संरक्षक कड्याने थोडा जोर घटतो, पण पाण्यातल्या माणसाजवळ जाणाऱ्या बोटीला तो तोटा अवश्य सोसावा.