पोर्टलंडची सिंक्लेअर आणि २००२ची अंतिम लढत

टेक्सासमधील ऑस्टिन शहरात माइक ए. मायर्स स्टेडियमवर ८ डिसेंबर २००२ रोजी अमेरिकेच्या महाविद्यालयीन महिला फुटबॉलचा अंतिम सामना झाला. पोर्टलंड विद्यापीठाने सांता क्लारा विद्यापीठाला २-१ असे हरवले. पोर्टलंडचे दोन्ही गोल क्रिस्टीन सिंक्लेअर या १९ वर्षांच्या कॅनेडियन मुलीचे होते. त्यातला दुसरा जादा वेळेच्या दुसऱ्या सत्रात झाला आणि तो होताच सामना तिथेच संपला. सिंक्लेअरने पुढे याहून कितीतरी जास्त गोलांचे हंगाम गाजवले. तरी महाविद्यालयीन खेळातली तिची सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असे विचारले तर बोट याच सामन्यावर ठेवावे लागते. हे दोन गोल कोणाविरुद्ध, कोणत्या नियमाखाली आणि कोणासाठी झाले हे पाहिल्यावर त्यांचे वजन कळते.

अमेरिकेत विद्यापीठाचा संघ हा हौशी खेळाडूंचा विरंगुळा नसतो. १९७२ साली तिथे ‘टायटल नाइन’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, हे त्याचे सार. त्याचा सर्वांत ठळक परिणाम मैदानावर दिसला. मुलींसाठी संघ उभे राहिले, शिष्यवृत्त्या आल्या, पूर्णवेळ प्रशिक्षक नेमले गेले. युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत अनेक ठिकाणी मुलींना क्लबच्या दारातही उभे केले जात नव्हते, त्या काळात अमेरिकी विद्यापीठे राष्ट्रीय संघासाठी खेळाडू घडवत होती. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेने महिला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ साली सुरू केली. पहिल्या २० वर्षांतली १६ जेतेपदे एकट्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने नेली. उरलेली चार जॉर्ज मेसन, नोत्र दाम, फ्लोरिडा आणि सांता क्लारा यांच्या वाट्याला एकेकदा आली. २००२च्या स्पर्धेत सांता क्लाराने उपांत्य फेरीत नॉर्थ कॅरोलिनाला बाहेर काढले, पोर्टलंडने पेन स्टेटला. त्यामुळे अंतिम फेरीत समोरासमोर आले ते एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे दोन शेजारी.

शेजारी म्हणायचे ते अमेरिकी अंतरांच्या हिशेबाने. ऑरेगॉन राज्यातले पोर्टलंड आणि कॅलिफोर्नियातले सांता क्लारा यांच्यात सुमारे हजार किलोमीटरचे अंतर आहे. पण दोन्ही विद्यापीठे ‘वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स’ या एकाच गटात खेळतात, म्हणजे दर हंगामात त्यांची गाठ पडतेच. स्वभावानेही दोघे जवळचे आहेत. दोन्ही कॅथलिक संस्था. पोर्टलंड होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंशी जोडलेले, सांता क्लारा जेझुइटांचे. दोन्ही आकाराने लहान. पोर्टलंडची विद्यार्थिसंख्या तीन हजारांच्या आसपास होती. ज्या देशात एकेका सरकारी विद्यापीठात ३० ते ४० हजार विद्यार्थी शिकतात, तिथे ही संख्या एखाद्या मोठ्या वसतिगृहाएवढी वाटते. अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉल यांवर पैसा ओतणाऱ्या बड्या संस्थांशी या दोघांना बरोबरी करता येण्यासारखी नव्हती. महिला फुटबॉल हा खेळ मात्र त्यांनी आपला मानला.

सांता क्लाराकडे प्रशिक्षक जेरी स्मिथ १९८७पासून होते. १९९९च्या विश्वचषकात निर्णायक पेनल्टी मारून जगभर ओळखली गेलेली ब्रँडी चॅस्टेन याच विद्यापीठाची. २००१ साली सांता क्लाराने अंतिम फेरीत नॉर्थ कॅरोलिनाला १-० असे हरवून पहिले जेतेपद मिळवले होते आणि ऑस्टिनला ते विजेते म्हणूनच उतरले. त्यांच्या मधल्या फळीत अ‍ॅली वॅगनर होती. त्या हंगामातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठीची हर्मन ट्रॉफी तिलाच मिळाली. पोर्टलंडची परंपराही तोलामोलाची होती. टिफनी मिलब्रेट आणि शॅनन मॅकमिलन या तिथल्याच. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात नॉर्वेविरुद्ध जादा वेळेत सामना संपवणारा गोल मॅकमिलनचा, तर अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा विजयी गोल मिलब्रेटचा. पण विद्यापीठाकडे राष्ट्रीय जेतेपद नव्हते. १९९५ साली ते अंतिम फेरीत पोचले आणि नोत्र दामकडून तिसऱ्या जादा सत्रात एका फ्री किकवर हरले. त्यानंतर उपांत्य फेरी गाठायची आणि रिकाम्या हाताने परतायचे, असेच चालले होते.

या संघाचे प्रशिक्षक क्लाइव्ह चार्ल्स पूर्व लंडनमधून आलेले. वेस्ट हॅम युनायटेड आणि कार्डिफ सिटी या क्लबांकडून खेळून १९७८ साली ते पोर्टलंड टिंबर्स या व्यावसायिक संघात बचावपटू म्हणून दाखल झाले आणि शहरातच रमले. १९८६ साली त्यांनी विद्यापीठाचा पुरुष संघ हाती घेतला, १९८९ साली महिला संघही. दोन्ही संघांचा हंगाम एकाच वेळी, पानगळीच्या दिवसांत असतो. तरी दोन्ही जबाबदाऱ्या त्यांनी शेवटपर्यंत एकट्याने सांभाळल्या. मधल्या काळात सिडनी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाला त्यांनी चौथ्या स्थानापर्यंत नेले. त्याच २००० साली त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार घेत घेत ते मैदानावर येत राहिले. २००२चा हंगाम त्यांचा शेवटचा ठरला.

सिंक्लेअर पोर्टलंडला आली ती २००१ साली. व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीची ही मुलगी. तिचे दोन मामा, ब्रायन आणि ब्रूस गँट, पोर्टलंड टिंबर्सकडून खेळलेले. त्यामुळे हे शहर घरात परके नव्हते. १६व्या वर्षी ती कॅनडाच्या राष्ट्रीय संघात आली होती. विद्यापीठातल्या पहिल्याच वर्षी तिने २३ गोल केले. तिच्या खेळात दिखाऊपणा नव्हता. चेंडू डाव्या पायावर आला की उजव्या, याने तिला फरक पडत नसे. गोलरक्षक जागा सोडतो तो क्षण तिला इतरांच्या आधी दिसत असे, आणि अशा वेळी ती ताकदीपेक्षा कोपरा निवडण्यावर भर देई. बोलायलाही ती कमी. ज्या खेळाडूला मैदानावर ओरडून चेंडू मागावा लागत नाही, तिची धाव वाचायला सहकाऱ्यांना शिकावे लागते; पोर्टलंडच्या मुलींनी ते शिकून घेतले होते.

२००२च्या ऑगस्टमध्ये १९ वर्षांखालील मुलींची पहिली जागतिक स्पर्धा कॅनडात झाली. सिंक्लेअर यजमान संघाची कर्णधार होती. तिने स्पर्धेत १० गोल केले, त्यातले पाच एकट्या इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात. सर्वाधिक गोलांचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा, असे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. १ सप्टेंबरला एडमंटनच्या कॉमनवेल्थ स्टेडियमवर अंतिम सामना होता, ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक आलेले. मुलींच्या कनिष्ठ गटाच्या सामन्याला एवढी गर्दी तोवर कोणी कल्पिली नव्हती. निर्धारित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेत अमेरिकेच्या लिंडसे टार्पलीने गोल केला आणि पंचांनी शिट्टी वाजवून सामना संपवला. उत्तर द्यायला एक मिनिटही उरले नाही. हरल्याचे दुःख वेगळे आणि खेळ मध्येच हातातून काढून घेतल्याचे वेगळे. १९ वर्षांच्या कर्णधाराला त्या दिवशी दोन्ही सोसावी लागली. तीन महिन्यांनी तोच नियम तिच्यापुढे पुन्हा उभा राहिला.

हा नियम म्हणजे ‘गोल्डन गोल’. जादा वेळेत जो संघ पहिला गोल करेल तो तिथेच विजयी. २०००च्या युरो चषकाचा अंतिम सामना फ्रान्सच्या डेव्हिड ट्रेझेगेने असाच संपवला, ते अनेकांना आठवत असेल. फिफाने २००४ साली हा नियम सोडला, पण अमेरिकी महाविद्यालयांत तो त्यानंतरही बराच काळ टिकला. तिथे दहा-दहा मिनिटांची दोन जादा सत्रे असत आणि तरीही निकाल लागला नाही तर पेनल्टी. महाविद्यालयीन खेळाची आणखी एक खासियत इथे महत्त्वाची आहे. बाकी जगात वेळ पंचांच्या मनगटावर असते आणि वाढीव मिनिटे किती, हे शेवटपर्यंत नेमके कळत नाही. इथे मात्र मैदानावरचे मोठे घड्याळ हेच अधिकृत. ते उलटे चालते, गोल झाला किंवा कार्ड दाखवले की थांबते, आणि शून्यावर आले की सत्र संपते. दहा मिनिटांतली किती उरली, हे प्रत्येक खेळाडूला मान वर केली की दिसते.

अशा दहा मिनिटांत संघ बदलतात. चुकीला दुरुस्ती नसते, म्हणून बचावपटू पुढे येत नाहीत, मधली फळी चेंडू जपून फिरवते आणि आघाडीची खेळाडू एकटी पडते. तिला पाच-सहा मिनिटे चेंडूला पाय लावायलाही मिळत नाही आणि मग अचानक एकच संधी येते, तीही अर्धीमुर्धी. त्यात अमेरिकी स्पर्धेचे तेव्हाचे वेळापत्रक निर्दय होते. उपांत्य सामना शुक्रवारी, अंतिम सामना रविवारी. मध्ये विश्रांतीचा एकच दिवस. महाविद्यालयीन नियमांत खेळाडू बदलण्याची मुभा सढळ असते, त्यामुळे मधल्या फळीतल्या मुलींना थोडा दम घेता येतो. पण गोलसाठी जिच्यावर सगळी भिस्त आहे, तिला बाहेर बसवण्याचा धोका कोणता प्रशिक्षक पत्करेल?

ऑस्टिनला ९० मिनिटांनंतर १-१ अशी बरोबरी होती. पोर्टलंडचा गोल सिंक्लेअरचाच. जादा वेळेचे पहिले सत्र कोरडे गेले. म्हणजे शंभर मिनिटे झाली होती, आणि सांता क्लाराचा बचाव तिला नवखा नव्हता. एकाच गटातल्या संघांत लपवायला फारसे काही उरत नाही. कोणती मुलगी कोणत्या खांद्यावरून वळते, कोणत्या बाजूला ढकलली तर अडते, हे प्रतिस्पर्ध्यांना तोंडपाठ असते. दूरच्या एखाद्या संघाला सिंक्लेअरने चकवले असते तर तो अनोळखीपणाचा फायदा म्हणता आला असता. इथे तशी सवलत नव्हती. तिला सर्वांत चांगले ओळखणाऱ्या, आधीच्या वर्षीच्या विजेत्या संघाविरुद्ध, अकराव्या दशकातल्या मिनिटांत तिने दुसरा गोल केला. त्या गोलबरोबर पोर्टलंड राष्ट्रीय विजेते झाले. हे जेतेपद मिळवणारे ते सहावे विद्यापीठ, आणि पोर्टलंडच्या इतिहासातले कोणत्याही खेळातले हे पहिले राष्ट्रीय जेतेपद. त्या हंगामात सिंक्लेअरचे गोल २६ झाले. देशातल्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात ते सर्वाधिक होते.

क्लाइव्ह चार्ल्स यांनी ते जेतेपद पाहिले. पुढच्या हंगामाची तयारी सुरू असतानाच, २६ ऑगस्ट २००३ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विद्यापीठाच्या फुटबॉल संकुलाला आज त्यांचे नाव आहे. त्यातल्या मर्लो फील्ड या मैदानावर सामना असला की वसतिगृहातली मुले ढोल घेऊन गोलच्या मागे उभी राहतात आणि नव्वद मिनिटे ते थांबत नाहीत. पाच हजारांपेक्षा कमी आसनांचे हे मैदान महिलांच्या सामन्यांना भरू लागले, हे चार्ल्स यांच्या कामाचे फळ.

२००३चा महाविद्यालयीन हंगाम सिंक्लेअरने कॅनडाकडून विश्वचषक खेळण्यासाठी सोडला. परतल्यावर २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन वर्षे हर्मन ट्रॉफी तिला मिळाली. २००५मध्ये तिने ३९ गोल केले, एका हंगामातला तो विक्रम. पोर्टलंडने अंतिम फेरीत यूसीएलएला ४-० असे हरवून दुसरे जेतेपद घेतले, त्यातही दोन गोल तिचे. त्या संघात मेगन रॅपिनो नावाची पहिल्या वर्षाची एक मुलगीही होती. आकड्यांनी पाहिले तर २००५ मोठे. पण चार गोलांनी जिंकलेल्या सामन्यात दोन गोल करणे आणि एका गोलाने जिंकलेल्या सामन्यात संघाचे दोन्ही गोल करणे, यांत फार अंतर आहे.

विद्यापीठाकडून एकूण ११० गोल करून सिंक्लेअर बाहेर पडली. पुढची कारकीर्द जगापुढे आहे: ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्य आणि टोकियोत सुवर्ण, देशासाठी १९० आंतरराष्ट्रीय गोल. महिला असो वा पुरुष, एवढे गोल दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. व्यावसायिक फुटबॉलही ती पोर्टलंड थॉर्न्सकडून, त्याच शहरात, २०१३ ते २०२४ अशी खेळली.

सांता क्लाराला दुसऱ्या जेतेपदासाठी बरीच वर्षे थांबावे लागले. करोनामुळे लांबलेली २०२०ची स्पर्धा मे २०२१मध्ये संपली, तेव्हा त्यांनी पेनल्टीवर फ्लोरिडा स्टेटला हरवले. प्रशिक्षक तेव्हाही जेरी स्मिथच होते. २०२२पासून महाविद्यालयीन फुटबॉलनेही गोल्डन गोल रद्द केला. साखळी सामन्यांत आता जादा वेळच नाही आणि बाद फेरीत दोन्ही जादा सत्रे पूर्ण खेळवली जातात.