गाडी घेताना – लेखांक ९ : सायकलस्वार विद्यार्थ्याची मोटार

ज्या विद्यार्थ्याचे रोजचे वाहन सायकल आहे, त्याची मोटार वर्षातले बहुतेक दिवस जागेवर उभी असते. कॉलेज, खानावळ, अभ्यासिका, मित्राची खोली ही सगळी ये-जा सायकलवर होते. गाडी बाहेर निघते ती शनिवारी पहाटे, सायकल मागे टाकून घाटाच्या पायथ्याशी जायला, किंवा सणासुदीला गावी जायला. नेहमीच्या कुटुंबाने गाडी घेताना जो हिशेब करायचा असतो, तो अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत जवळजवळ उलटा होतो. कुटुंबाच्या गाडीत अ‍ॅव्हरेज पहिले आणि डिकी शेवटी पाहिली जाते. इथे डिकी पहिली येते, आणि अ‍ॅव्हरेजला फारसे महत्त्व उरत नाही.

आकडे मांडले की हे लगेच दिसते. पुण्यात शिकणाऱ्या आणि महिन्यातून दोनदा शहराबाहेर सायकल चालवायला जाणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे वर्षाचे रनिंग ४,००० किलोमीटर धरू. लिटरला १८ देणारी पेट्रोल गाडी त्यासाठी सुमारे २२२ लिटर पेट्रोल पिईल, २२ देणारी सुमारे १८२. फरक ४० लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तरी वर्षाचे ४,२०० रुपये. तेवढ्यासाठी जास्त अ‍ॅव्हरेजच्या गाडीला तीस-चाळीस हजार जादा मोजणे परवडत नाही.

सीएनजीचेही तसेच. किलोला ३० किलोमीटर आणि ९० रुपये दर धरला तर ४,००० किलोमीटरला साधारण १२,००० रुपये लागतील. लिटरला २० देणाऱ्या पेट्रोल गाडीला २१,००० लागतील. वाचले ९,०००. कंपनीने बसवलेल्या सीएनजीसाठी ९० हजारांच्या आसपास जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला दहा वर्षे जातील, आणि तोवर मालकाचे शिक्षण कधीच संपलेले असेल. शिवाय जुन्या सीएनजी गाड्यांत टाकी डिकीतच आडवी बसवलेली असते; सायकलस्वाराला हवी असलेली नेमकी तीच जागा ती खाते. टाटाने २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली, तेव्हा ही अडचण पुष्कळ कमी झाली. पण कमी रनिंगचा हिशेब त्याने बदलत नाही. डिझेलचा विचार तर सोडूनच द्यावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून लांब, सलग पळावी लागते. उभ्या राहणाऱ्या गाडीला तो मानवत नाही. थोडक्यात, साधी पेट्रोल हॅचबॅक, आणि तीही सेकंड हॅण्ड.

डिकीबद्दल कंपन्या जो लिटरचा आकडा छापतात, त्यावरून सायकल बसेल की नाही हे कळत नाही. तो आकडा मागचे सीट उभे असतानाचा असतो. सायकलीसाठी तीन मापे लागतात : मागच्या दाराचे तोंड किती उंच आणि किती रुंद आहे, मागचे सीट आडवे केल्यावर पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत किती लांबी मिळते, आणि सीट आडवे झाल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते. लांबी मोजताना पुढचे सीट चालवणाऱ्याच्या सोयीने लावलेले असावे. उंच माणसाने सीट मागे घेतले की बरीच जागा सहज कमी होते.

सायकलीचे गणितही समजून घ्यावे. रोड बाइकचे चाक टायरसकट साधारण ६८ सेंटिमीटर व्यासाचे, आणि अख्खी सायकल १७० सेंटिमीटरच्या आसपास लांब. पुढचे चाक काढले की चाकाची त्रिज्या, म्हणजे ३४ सेंटिमीटर, वजा होते आणि १३६ उरतात. मागचेही काढले तर दोन आसांमधले अंतर तेवढे राहते, जवळपास एक मीटर. एक मीटर लांबी तर सीट आडवे केलेल्या कोणत्याही हॅचबॅकमध्ये मिळते. म्हणून रोड बाइकवाल्याला निवडीला भरपूर वाव असतो. माउंटन बाइकचे तसे नाही. तिचे हँडल पाऊण मीटर रुंद, टायर जाड, आणि आसांमधले अंतरही जास्त. तिला दाराचे तोंड मोठेच लागते.

या कसोटीवर वॅगन आर वर्षानुवर्षे टिकून आहे ते तिच्या चौकोनी बांध्यामुळे. छत मागेपर्यंत सरळ जाते, दार जवळजवळ उभे आहे, त्यामुळे सायकल आत सरकवताना हँडल छताला अडत नाही. २०१० ते २०१८ मधल्या वॅगन आरची डिकी १८० लिटरची होती. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या नव्या बांध्याच्या गाडीत ती ३४१ लिटर झाली. बलेनोची डिकीही कागदावर जवळपास तेवढीच आहे, पण तिचा उंबरा उंच आणि मागची काच तिरकी, त्यामुळे सायकल आधी उचलून मग आत उतरवावी लागते. दोनशे किलोमीटर चालवून आलेल्या माणसाच्या कमरेला तो उंबरा जाणवतो. टियागोची डिकी २४२ लिटरची, म्हणजे लहान. पण २०२० च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी ४ तारे मिळाले होते. वॅगन आरला २०१९ मध्ये २ आणि २०२३ मध्ये १ तारा मिळाला. जागा आणि सुरक्षा यांतली ही ओढाताण खरी आहे आणि ती झाकून ठेवू नये. ज्याची सायकल दोन्ही चाके काढून आत जाते आणि ज्याचा प्रवास मुख्यतः महामार्गावरचा आहे, त्याने टियागोकडे आधी पाहावे.

सेकंड हॅण्ड बाजारात एक गाडी सायकलवाल्यांनी आवर्जून शोधावी अशी आहे : होंडा जॅझ. ती आता नवीन मिळत नाही. २०१५ मध्ये आलेल्या जॅझच्या वरच्या काही व्हेरियंटमध्ये मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलून पाठीला टेकवता येते. मग पुढच्या सीटमागे जमिनीपासून छतापर्यंत मोकळी जागा होते, आणि पुढचे चाक काढलेली लहान फ्रेमची सायकल तिथे आडवी न टाकता उभी करता येते. ही सोय प्रत्येक जॅझमध्ये नाही. जाहिरातीवर न जाता बैठक स्वतः उचलून पाहावी. ईको मोठी आहे, दोन-तीन सायकली सहज घेते, पण एकट्या विद्यार्थ्याला एवढ्या गाडीची गरज क्वचितच पडते. पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगरसारख्या स्पर्धेत मागून मदतीची गाडी लागते, तेव्हा ती तेवढ्या दिवसांपुरती भाड्याने घ्यावी.

सायकल बाहेर टांगायच्या कॅरिअरचा मोह बऱ्याच जणांना होतो. टपावरच्या कॅरिअरला सायकल उभी लावली की गाडीची उंची अडीच मीटरच्या वर जाते, आणि सोसायटीच्या किंवा मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा आडवा दांडा त्याहून खाली असतो. दमून परतलेल्या माणसाला डोक्यावर सायकल आहे हे आठवत नाही, आणि एका क्षणात फ्रेम, टप आणि कॅरिअर तिन्ही जातात. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचे कॅरिअर स्वस्त असते. पण मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते, जे नियमात बसत नाही, आणि प्लॅस्टिकच्या स्पॉयलरवर पट्ट्यांचा ताण येऊन तो तडकतो. सायकल आत बसत असेल तर आतच न्यावी.

आत ठेवण्याचीही रीत आहे. साखळी मागच्या सर्वांत लहान दातरीवर आणावी, म्हणजे मागचे डिरेलर आत ओढले जाते. चाके काढावीत. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा लगेच सरकवावा. चाक नसताना चुकून लिव्हर दाबली गेली, तर पिस्टन पुढे येऊन पॅड एकमेकांना चिकटतात, आणि पहाटे साडेपाचला स्टार्ट पॉइंटवर चाक आत जातच नाही. तळाला जुनी चादर अंथरावी. सायकल डाव्या कुशीवर ठेवावी, म्हणजे साखळी आणि डिरेलरची बाजू वर राहते. डिरेलर ज्या लहान अ‍ॅल्युमिनियमच्या हँगरवर बसते, तो जरा दाबला तरी वाकतो. चाके सायकलीवर टाकायची झाली तर मध्ये दुसरी चादर हवी. शेवटी फ्रेम पट्ट्याने बांधावी. मागच्या सीटला आयसोफिक्सचे हूक असतील तर पट्टा त्यांत अडकवता येतो. दहा किलोची मोकळी सायकल जोराचा ब्रेक लागल्यावर चालकाच्या मानेकडे येते.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारासाठी गाडीचे आणखी एक काम आहे, आणि ते फार महत्त्वाचे आहे. बीआरएममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, ३०० किलोमीटरला २० तास आणि ४०० ला २७ तास दिलेले असतात. खासगी गाडीने मागोमाग जाणे तिथे चालत नाही. मदत घ्यायची ती ठरलेल्या कंट्रोल पॉइंटवरच. म्हणजे गाडी स्टार्टला उभी राहते आणि स्वार रात्रभर जागून, पाय गळून गेलेला असा तिच्यापाशी परत येतो. त्या अवस्थेत स्टिअरिंग हाती घेणे धोक्याचे आहे. चालकाशेजारचे सीट किती मागे झुकते, त्यात पाठ टेकून दोन-तीन तास झोप लागेल का, हे गाडी पाहतानाच बसून पाहावे. ज्या गाडीत नीट झोपता येते, ती गाडी स्वार झोपल्याशिवाय चालवत नाही.

सुरक्षेबाबत वर्ष पाहून गाडी निवडली की अर्धे काम होते. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२२ पासूनच्या प्रत्येक गाडीत आहेत. त्याआधीची गाडी घ्यायची असेल तर एबीएस आणि दोन एअरबॅगचा व्हेरियंटच शोधावा. अलॉय व्हील आणि मोठ्या स्क्रीनसाठी पैसे मोजू नयेत.

गाडी तपासायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे, आणि सायकल बरोबर न्यावी. सायकल घालून पाहू द्यायला विक्रेता कुरकुरला तर दुसरी गाडी पाहावी. बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी पॉलिशने चकचकीत करता येते, पण बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागात गाळाची रेघ राहते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा बुडालेल्या गाड्याही बाजारात फिरतात. स्टेपनीखालचा गंजही तेच सांगतो. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावे लागतात, आणि तो खर्च भाव ठरवताना वजा करावा.

कागदपत्रांत आरसीवरचा बोजा आधी पाहावा. कर्ज फिटलेले असले तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवलेला नसतो, असे बऱ्याचदा दिसते. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. फॉर्मवर सह्या करून दिल्या, आता गाडी तुमची, असे सांगणाऱ्या एजंटावर थांबू नये. आरसीवर नाव आल्यावरच व्यवहार पुरा होतो. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्या मालकाचा असतो, गाडीबरोबर तो येत नाही. जून २०२२ च्या दरांनुसार थर्ड पार्टी विमा १,००० सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये आणि १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, जीएसटी वेगळा. ९९८ सीसीची वॅगन आर पहिल्या गटात बसते, जॅझ दुसऱ्या. आरसीची मुदत १५ वर्षांची असल्याने सहा-सात वर्षांची गाडी घेतली तर शिक्षण संपताना ती विकण्याजोगी राहते.

घेतल्यावर या गाडीला सगळ्यांत जास्त त्रास होतो तो उभे राहण्याचा. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटतात, आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येऊन वायरी कुरतडतात. पार्किंगची जागा हॉस्टेलमध्ये मिळते का, हे तर गाडी घेण्याआधीच विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना फक्त दुचाकीची परवानगी असते. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून आत नजर टाकावी, आणि गाडी नुसती जागेवर चालू न ठेवता वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर फिरवून आणावी. जागेवर घुरघुरत ठेवलेल्या इंजिनाने बॅटरी पुरती भरत नाही. हवा मात्र सायकलीत भरतो तेव्हाच गाडीचीही पाहावी. टायरला किती हवा लागते, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेले असते.