चार फूट म्हणजे किती?

मागच्या वेळी आपण देकार्तपाशी थांबलो होतो. प्राणी म्हणजे उत्तम जुळवलेलं यंत्र, हे त्याचं म्हणणं, १६३७ सालच्या त्याच्या ग्रंथातलं. आज त्याच्या पुढे जायचं आहे, पण ग्रंथाच्या वाटेनं नाही, आमच्या दिवाणखान्यातून. गिनीपिगसाठी घरातल्या घरात फिरायची जागा कशी करायची, हा आजचा विषय. हसू नका. त्यात हातकाम थोडंच आहे. अवघड भाग वेगळा आहे, आणि तो आम्हांला फार उशिरा कळला.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. उंदीर, खार, हॅमस्टर, गिनीपिग हे सगळे कृंतक, म्हणजे कुरतडणारे. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून काहीतरी सतत चावत राहणं त्यांना भागच असतं. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला, तोही खाण्यासाठी. तो गिनी देशाचा नाही आणि डुक्करही नाही. मराठीत आपण "आमचा गिनीपिग केला हो" असं म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर प्रयोगशाळा असते. प्राणी कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो.

आमच्याकडे ते आले ते मुलगी आणि जावई परदेशी गेल्यामुळे. नातवाच्या दोन माद्या, एक चिकू आणि एक बुंदी. सोबत दुकानातून आणलेला पिंजरा, अडीच फूट बाय दीड फूट. एक वळली की दुसरीच्या अंगावरून जायची. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि हिनंच पहिल्यांदा म्हटलं, "अहो, हे बरं नाही दिसत." कायद्यालाही ते बरं दिसत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, ज्याच्या मागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं राज्यसभेतलं खासगी विधेयक होतं, त्याच्या अकराव्या कलमात हे आलं आहे. हालचालीला वाजवी वाव मिळणार नाही इतक्या कमी लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा गुन्हा आहे. कायदा लांबी, रुंदी, उंची म्हणतो. आम्हीही तेवढंच ऐकलं आणि टेप घेऊन बसलो.

गॅलरी होती आठ फूट बाय चार फूट. जाळीचे चौकोनी पत्रे आणले, केबल टायनं जोडले, कुंपण झालं. आत फरशी स्वच्छ पुसली. एका टोकाला पुठ्ठ्याचं खोकं आणि पाणी, बाकी सगळं मोकळं. मोकळं म्हणजे चांगलं, ही आमची समजूत. आयुष्यभर स्वातंत्र्य या विषयावर शिकवलं, तेव्हा मोकळं मैदान हे आमच्या डोक्यातलं स्वातंत्र्याचं चित्र होतंच.

बुंदी खोक्यात शिरली ती शिरलीच. चिकू समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि हलेना. आम्ही म्हटलं, स्वभावानं शांत आहे. नातू व्हिडिओ कॉलवर विचारायचा, "आजोबा, चिकू पळाली का?" आम्ही सांगायचो, "नाही रे, तिला आराम आवडतो."

आता इथे थोडं थांबू या. मानसशास्त्रात 'ओपन फील्ड' नावाची एक जुनी चाचणी आहे. कॅल्विन हॉल यानं १९३४ च्या सुमारास ती वापरात आणली. उंदराला लख्ख उजेडातल्या, आडोसा नसलेल्या रिकाम्या जागेत सोडायचं आणि तो काय करतो ते बघायचं. उंदीर भिंतीला चिकटून राहतो, मध्यावर यायचं टाळतो, कधी जागीच गोठतो. ही चाचणी कशाची? भीतीची. म्हणजे प्रयोगशाळेत भीती मोजण्यासाठी जी रचना मुद्दाम करतात, ती आम्ही प्रेमानं गॅलरीत करून ठेवली होती. आणि वर तिला अंगण म्हणत होतो.

मे महिना होता. दुपारी जेवून आम्ही आडवे झालो. ऊन सरकत सरकत चिकूच्या कोपऱ्यावर आलं. गिनीपिगला घाम येत नाही. अठ्ठावीस अंशांच्या वर त्याचं कठीण होतं, आणि पुण्यातला मे तुम्हांला ठाऊक आहे. गॅलरीच्या ग्रिलवर कावळे नेहमीसारखे येऊन बसले होते. साडेतीनला उठून पाहिलं तर चिकू आडवी पडलेली, तोंड ओलं, श्वास भराभर. ओलं फडकं लावलं, रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी ती गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "सावली नव्हती का?"

"होती की. खोकं होतं, चार-पाच फुटांवर."

"मधे काय होतं?"

"मधे काही नव्हतं."

ते पुढे काही बोलले नाहीत. त्या रात्री नातवाशी हीच बोलली. आमची हिंमत झाली नाही.

ते "मधे काही नव्हतं" आमच्या मनातून जाईना. जर्मन भाषेत लिहिणारा एक जीवशास्त्रज्ञ होता, याकोब फॉन युक्स्क्यूल. १९३४ साली, म्हणजे योगायोगानं त्याच सुमारास, त्यानं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातलं गोचिडाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. गोचीड फांदीवर बसून असते. जनावराच्या कातडीतून येणारा एक आंबूस वास, अंगाची ऊब आणि केसांचा स्पर्श, एवढ्यावरच तिचं सगळं जग उभं आहे. चंद्र, जंगल, पक्ष्यांचं गाणं हे तिच्या जगात नाहीच. प्रत्येक प्राण्याचं असं एक स्वतःचं जग असतं. आपण मराठीत त्याला 'भोवताल' म्हणू. एकाच खोलीत दोन प्राणी असतील तर तिथे दोन भोवताल असतात.

हे आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवलं, परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्नही काढला. पण आमच्या गॅलरीतले चार फूट आणि चिकूचे चार फूट वेगळे आहेत, हे डोक्यात आलं नाही. आमच्या टेपवर ते चार फूट होते. तिच्यासाठी ते, वर कावळे बसलेले असताना, ओलांडता न येणारं अंतर होतं. ती सुस्त नव्हती. उन्हाची भीती आणि उघड्याची भीती यांत उघड्याची मोठी ठरली.

म्हणून आता माप कसं घ्यायचं ते सांगतो. लांबी-रुंदी हवीच. दोन गिनीपिगना कायम राहायलाच दहा-साडेदहा चौरस फूट द्यावेत, आणि फिरायला त्याहून जास्त. पण खरं माप एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंतचं. ते आम्ही एक ते दीड फूट ठेवतो, सुरुवातीला त्याहूनही कमी.

जागा बदलली. गॅलरी बंद, दिवाणखान्यात भिंतीला लागून सहा बाय चार. एक बाजू भिंतीची असली की त्यांना बरं वाटतं. कुंपणाला तेच चौदा इंची जाळीचे पत्रे. गिनीपिग चढत नाही आणि फारशी उडीही मारत नाही, त्यामुळे तेवढी उंची पुरते. केबल टायची टोकं आतल्या बाजूला टोचणार नाहीत अशी कापा. विजेच्या वायरी आधी उचला. कुरतडणाऱ्याला वायर आणि काडी यांतला फरक कळत नाही.

जमिनीवर आमचे दोन प्रयोग फसले. नुसत्या फरशीवर पाय घसरतात. मग हिनं जुनी गोधडी दिली, मोठ्या मनानं. तिच्या टाक्यांत बुंदीचं नख अडकलं. टर्किश टॉवेलचंही तेच, त्याचे फासे नखात गुंततात. शेवटी खाली रेक्झिन, त्यावर वर्तमानपत्रांचे थर आणि वर फ्लीसचं पांघरूण, असं जमलं. जाळीची जमीन मात्र कधीच नको, तळपायांना जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत.

आडोसे करायला पैसे लागत नाहीत. पुठ्ठ्याची खोकी घ्यायची, चिकटपट्टी आणि पिना काढून टाकायच्या. पण प्रत्येक खोक्याला दारं दोन. हे विसरू नका. एकच दार असेल तर दांडगी दारात बसते आणि दुसरी आत अडकते. लपण्याच्या जागेतून पळता आलं पाहिजे, नाहीतर तो सापळाच. बोगद्यासाठी प्लंबरकडून चार इंची पाइपाचा तुकडा आणला होता, तो परत केला. मोठी मादी त्यात अडकू शकते, सहा इंची घ्या. एक लाकडी स्टूल ठेवून त्यावरून कापड सोडलं, की खाली छान गुहा होते. सुकं गवत आणि पाणी आडोशाजवळच ठेवा. ढोबळी मिरचीची फोड मात्र थोडी उघड्यावर ठेवायची, यायला कारण हवं ना! शिवाय आपल्यासारखंच त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच द्यावं लागतं.

आणि आपण खाली बसायचं. वरून येणारा हात त्यांना घारीसारखा. आमचे गुडघे कुरकुरतात, पण जमिनीवर बसल्याशिवाय काही दिसत नाही.

पहिले तीन दिवस बुंदी कडेकडेनं, एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात. चौथ्या दिवशी तिनं मधली जागा तिरकी ओलांडली. आणि मग, आम्ही चहा घेत होतो, ती जागच्या जागी उडाली, लाही फुटावी तशी. गिनीपिग खूश असला की असं करतो, हे वाचलेलं होतं. पाहिलं पहिल्यांदाच. आडोसे वाढवले तसतशी ती उघड्यावर जास्त येऊ लागली. आमच्या 'मोकळं मैदान' या कल्पनेचं तिनं तिथेच उत्तर दिलं.

तिला सोबत हवी होती. हा कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानं मनाई आहे. दुसरी मादी आणली, दोघींची भेट नव्या जागी घडवली, आणि नातवानं तिचं नाव ठेवलं लाही.

आता एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. "आमच्याकडे हॅमस्टर आहे, चाक द्यावं की नको? ते यंत्रच नाही का?" प्रश्न चांगला आहे, देकार्तला आवडला असता. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक गंमत प्रसिद्ध केली. योहाना मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं उघड्या निसर्गात चाक नेऊन ठेवलं. रानातले उंदीर आपणहून येऊन त्यावर पळत होते. बेडूक आणि गोगलगायीही चढून गेल्या. तेव्हा चाकावर पळणं म्हणजे कोंडल्याचं वेड, असं सरसकट म्हणता येत नाही. हॅमस्टरला चाक जरूर द्या, सलग पृष्ठभागाचं, दांड्यांचं नको, आणि पाठ वाकणार नाही इतकं मोठं. भिंती मात्र गुळगुळीत आणि उंच ठेवा, तो चढतो. तो पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू टाळा. त्यात बसवलेल्या हॅमस्टरला मिशांनी चाचपता येत नाही, वास घेता येत नाही, आणि लपता तर अजिबात येत नाही.

गिनीपिगला चाकही नको आणि चेंडूही नको, त्याच्या पाठीला ते झेपत नाही. दुकानदार देईल, "सगळ्यांना चालतं" असंही म्हणेल. तुम्ही त्याच्याकडे रिकामी खोकी मागा.