ट्रॉलरच्या ड्रममधले ऑइल घरच्या गाडीत घालण्याआधी



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे दोन महिने म्हणजे इंजिनांची कामे काढायचा काळ. ट्रॉलरसाठी १५डब्ल्यू-४० चा ड्रम आणलेला असतो. त्यातलेच चार-पाच लिटर घरच्या गाडीत घातले तर बिघडले कुठे, असे आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटते.

आमच्याच एका सभासदाने दोन वर्षे हेच केले. गाडी बीएस-६ डिझेल. रोजची धाव घर ते जेटी, जेटी ते बाजार, बस्स. मग डॅशबोर्डवर दिवा पेटला, गाडी ओढेनाशी झाली आणि वर्कशॉपने डीपीएफ बदलायला सांगितला. त्या पैशांत जाळ्यांचे मोठे काम निघाले असते.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, काजळी अडवणारा फिल्टर. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांत तो आला. अडकलेली काजळी गाडी स्वतःच तापवून जाळून टाकते. पण ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त अशा पदार्थांची राख जळत नाही, ती तिथेच साठते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. डब्यावर ‘एसीईए सी३’ लिहिलेले असेल तर राख ०.८ टक्क्यांच्या आत असते. ट्रॉलरच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनाला ही अडचण नाही, त्यामुळे त्याच्या ऑइलमध्ये राख जास्त असली तरी चालते. ड्रममधले ऑइल वाईट नव्हते, जागा चुकली.

आता ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दाविषयी. त्यावर आपण जास्त पैसे मोजतो, पण बाजारातले बरेचसे सिंथेटिक हे खनिज तेलावरच जास्त दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेले असते. ते फसवे नाही. साध्या मिनरल ऑइलपेक्षा ते उष्णतेत जास्त टिकते, गाळ कमी धरते. मात्र नुसत्या त्या शब्दाने ते आपल्या गाडीला चालेल असे ठरत नाही. गाडीच्या पुस्तकात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, आकडा आणि अक्षरे. त्या जुळल्या पाहिजेत.

आकड्यातला ‘डब्ल्यू’ थंडीचा. १५डब्ल्यू ऑइल उणे २५ अंशात वाहते का ते तपासतात, ५डब्ल्यू उणे ३५ अंशात. गोव्यात तेवढी थंडी कुठली? तरीही पहाटे गाडी चालू करताना पातळ ऑइल वर लवकर पोचते, एवढा फायदा आपल्याकडेही मिळतो. मागचा आकडा तापलेल्या इंजिनातला जाडपणा दाखवतो. ‘आपल्याकडे उकाडा, जाड घाला’ असे काही मेकॅनिक सांगतात. ते ऐकू नका. बाहेर ऊन असो वा पाऊस, थर्मोस्टॅटमुळे इंजिन साधारण त्याच तापमानावर चालते. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या छोट्या पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५० घातले तर ॲव्हरेज पडेल आणि बारीक वाटांतून ऑइल वेळेवर पोचणार नाही.

अक्षरांत ‘एस’ पेट्रोलचा, ‘सी’ डिझेलचा. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर ‘एपीआय एसपी’ बघून घ्या. २०२० साली आलेल्या या दर्जात कमी वेगावर अवेळी होणारे स्फोट टाळण्याची चाचणी आहे. असे स्फोट पिस्टन फोडू शकतात.

एकच कॅन सगळीकडे वापरायचा मोह मात्र आवरा. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरू लागतो. तिला ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हवे. होडीच्या चार-स्ट्रोक आउटबोर्डला ‘एफसी-डब्ल्यू’ घ्या, त्यात गंज रोखण्याची वेगळी परीक्षा असते. दोन-स्ट्रोकला ‘टीसी-डब्ल्यू३’.

बदलायचे कधी? किलोमीटर भरले नाहीत तरी पुस्तकातली मुदत, बहुधा एक वर्ष, संपली की बदलायचेच. महाग सिंथेटिक घातले म्हणून जेटी-बाजार करणाऱ्या गाडीत ते दोन वर्षे चालेल असे नाही. इंजिन पुरते तापतच नाही, मग पाण्याचा अंश ऑइलमध्ये राहतो. बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक गोष्ट होते. काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे, ऑइल ताबडतोब बदला. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटे पळवा.

ज्यांच्याकडे डीपीएफ नसलेला जुना डिझेल टेम्पो आहे, त्यांनी पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिले असेल आणि डिझेलची अक्षरे जुळत असतील तर ड्रममधले खुशाल घालावे. तिथे सिंथेटिकवर जादा पैसे घालायची गरज आम्हाला वाटत नाही.