हिरव्या ड्रॅगनचा खटला

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. तो आणि माझा मुलगा, दोघेही नववीतले. एके दुपारी दोघांचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातून त्यांच्या अम्मीला ओरडावे लागले. मी बाहेर आलो, तर भाच्याने मलाच काझी करून टाकले.

"मामू, तुम्हीच सांगा. बनवणाऱ्यांनी जो प्राणी खेळात दिलाय, त्याच्यावर खेळणाऱ्यांनी बंदी घालायची, हा कुठला इन्साफ?"

वाद पोकेमॉनचा होता. हे वाचून काही पालक पान उलटतील. पण मुले ज्या गोष्टीवर तासभर मुद्देसूद भांडतात, ती एकदा ऐकून घ्यावी, असे मला शिक्षक म्हणून वाटते. मी ऐकले, आणि रात्री थोडे वाचलेही.

पोकेमॉन हा १९९६ साली जपानमध्ये सुरू झालेला खेळ. सहा प्राण्यांचा संघ घेऊन समोरच्याच्या संघाशी लढायचे. यात रेक्वाझा नावाचा एक हिरवा ड्रॅगन आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या खेळात त्याला 'मेगा' रूप मिळाले आणि भांडण सुरू झाले.

मेगा रूप म्हणजे लढाईपुरती वाढलेली ताकद. त्यासाठी प्राण्याला एक खास दगड जवळ बाळगावा लागतो. प्रत्येकाला एकच वस्तू बाळगता येत असल्याने दगड घेतला की दुसरी उपयोगी वस्तू घेता येत नाही. ही ताकदीची किंमत. रेक्वाझाला मात्र ती माफ! एक विशिष्ट हल्ला शिकला की झाले. दगड नको, वस्तूची जागा मोकळी. शिवाय उडणाऱ्या प्राण्यांना वीज, बर्फ आणि दगडाचा मार जास्त लागतो. मेगा रेक्वाझा मैदानात असला की वारा असा वाहतो की उडण्यामुळे येणारी ही कमजोरीच उरत नाही. बर्फाचा मार चौपट लागायचा, तो दुप्पटीवर येतो.

स्मॉगन हा अशा लढतींचे नियम ठरवणारा खेळाडूंचा जुना समूह. त्यांच्याकडे बलवान प्राण्यांसाठी 'उबर्स' नावाचा वेगळा वर्ग होता. इतर वर्गांतून हाकलले गेलेले तिथे जायचे. मेगा रेक्वाझा त्या वर्गातूनही बाहेर काढला गेला. असे पहिल्यांदाच घडले. त्याच्यासाठी 'काहीही चालेल' अशा अर्थाचा नवा वर्ग उघडावा लागला.

भाच्याचा मुद्दा इथेच होता. "उबर्स म्हणजेच हाकललेल्यांची जागा. तिथूनही हाकलायचे, तर थांबायचे कुठे?" प्रश्न बिनतोड वाटला.

मुलाने वहीत दोन आकडे लिहून दाखवले. मेगा रेक्वाझाच्या मूळ गुणांची बेरीज ७८०. मेगा म्यूटू नावाच्या प्राण्याचीही ७८०. "म्यूटू अजून उबर्समध्येच आहे, अब्बू. मग बंदी ताकदीवर नाहीच." म्यूटू दगडाची किंमत मोजतो, म्हणून त्याला घ्यावे की नाही याचा विचार करावा लागतो. रेक्वाझाबाबत विचारच उरत नाही.

मला आमच्या गल्लीतले क्रिकेट आठवले. भिंतीपलीकडे थेट मारला की आऊट. हा नियम जोरात मारणाऱ्याला शिक्षा म्हणून नव्हता. तो नसता तर चेंडू शोधण्यातच संध्याकाळ गेली असती. (जोरात मारणारा मी नव्हतो, हेही कबूल करतो.)

तरी भाच्याच्या बाजूनेही एक साक्ष सापडली. कंपनीच्या अधिकृत स्पर्धांत दोन-दोन प्राणी एकदम मैदानात उतरतात. तिथे २०१५ मध्ये रेक्वाझाला मनाई होती, २०१६ मध्ये परवानगी. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत जागतिक विजेता ठरलेल्या अमेरिकेच्या वुल्फ ग्लिकच्या संघात रेक्वाझा होता. पण त्या मैदानात त्याला तोडीस तोड असे इतरही होते. म्हणजे प्राणी तोच, मैदान बदलले की गुन्हा बदलतो.

स्मॉगनची एक रीत मला फार आवडली. एखाद्या प्राण्यावर संशय आला की मतदान घेतात, पण मत सर्वांना नसते. ठरलेल्या मुदतीत खेळून ठरलेली पातळी गाठावी लागते. बोलायचे तर आधी खेळून या! आमच्या शिक्षक-पालक सभेला ही अट लावली तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील, आणि त्यात माझीही एक असेल.

निकाल द्यायचे मी टाळले. म्हटले, दहा सामने रेक्वाझासह खेळा, दहा त्याच्याशिवाय, आणि दर वेळी दोघांचे संघ लिहून ठेवा.

पहिले दहा दोन दिवसांत झाले. भाचा सहा जिंकला, मुलगा चार. "बघा मामू, लढत बरोबरीची झाली ना!" भाचा म्हणाला. मुलाने काही न बोलता वही पुढे केली. दहाही सामन्यांत, दोन्ही बाजूंना, पहिले नाव रेक्वाझाचेच होते.

भाच्याने वही बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "आता त्याच्याशिवायचे दहा लाव. पण मी अजून मान्य केलेलं नाही."