सायकलने मोजलेला रस्ता

पारा बारा अंशांवर आला की पोलादी टेप आखडतो. त्याच्यावरच्या खुणा वीस अंशांच्या हिशेबाने मारलेल्या असतात. त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे कामठीत टेप तीनशे मीटर दाखवतो, तेव्हा खालचा रस्ता खरं तर जवळपास तीन सेंटिमीटरने कमी असतो. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, हाच टेप आठ-नऊ सेंटिमीटर लांबलेला असेल. म्हणून मोजणी करणारे सर आधी रस्त्यावर थर्मामीटर ठेवतात, आकडा वहीत लिहितात आणि तेवढी दुरुस्ती करूनच दुसऱ्या टोकाचा खिळा ठोकतात.

दहा किलोमीटरच्या एका दौडीचा मार्ग मोजायचा होता आणि मी टेपचं दुसरं टोक धरायला गेलो होतो. कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवली. छावण्यांच्या आसपासचे रस्ते असतात तसा हा तुकडा सरळ, सपाट आणि दोन्हीकडे झाडं असलेला. टेपच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि तो पाच किलो दाखवेल एवढाच ताण द्यायचा. हात हलला की सर शांतपणे म्हणत, “पुन्हा.” तीनशे मीटरच्या दोन टोकांना दोन खिळे बसेपर्यंत उजाडलं होतं, आणि शर्यतीच्या मार्गाचा एक मीटरही अजून मोजून झाला नव्हता.

हे तीनशे मीटर असतात सायकलसाठी. रस्त्यावरची शर्यत जगभर सायकलने मोजली जाते. पुढच्या चाकाच्या आसाजवळ एक छोटा गणक बसवलेला असतो. त्याला जोन्स काउंटर म्हणतात. अमेरिकेत ॲलन जोन्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार केला. चाक फिरतं तसे त्यावरचे आकडे सरकतात, एका किलोमीटरला अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे एक आकडा साधारण नऊ सेंटिमीटरचा. आधी दोन खिळ्यांमध्ये सायकल चार वेळा चालवून तीनशे मीटरला किती आकडे पडतात ते काढायचं, मग मार्ग मोजायचा, आणि संपल्यावर परत येऊन पुन्हा चार वेळा तेच करायचं. कारण ऊन चढतं तशी ट्यूबमधली हवा तापते, चाक केसभर मोठं होतं आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. आमच्याकडे हिवाळ्यात पहाटेच्या आणि दहाच्या उन्हात मोठं अंतर असतं. वहीतल्या सकाळच्या आणि नंतरच्या रकान्यांत तो फरक डोळ्यांना दिसत होता.

धावपटू घेऊ शकेल असा सगळ्यात जवळचा रस्ता मोजायचा, हा मुख्य नियम. वळणावर आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून जायचं. एका वळणाची कड सुटली की समोरच्या वळणाच्या कडेपर्यंत सरळ रेषा पकडायची, मग भले ती रस्त्याच्या मधोमध जावो. समोरून ट्रक येत असताना ही रेषा सोडायची नाही, याला धीर लागतो. मोठ्या शहरांत हे काम मध्यरात्रीनंतर पोलिसांच्या गाडीच्या आडोशाने करतात ते त्यासाठीच. शिवाय एकूण अंतरात हजारात एक भाग मुद्दाम वाढवायचा, म्हणजे बारीकसारीक चूक राहिली तरी मार्ग तोकडा पडू नये. आमचे दहा हजार मीटर त्यामुळे दहा हजार दहा झाले. मुंबई मॅरेथॉन असो, की उत्तरेकडच्या स्टॉकहोम, हेलसिंकीसारख्या समुद्रकाठच्या राजधान्यांतली शर्यत असो, रीत हीच. मनगटावरचं घड्याळ शेवटी बेचाळीस किलोमीटर सहाशे मीटर दाखवतं म्हणून मार्ग चुकला असं बरेच धावणारे म्हणतात. पण गर्दीत सगळ्यात जवळची रेषा कुणालाच मिळत नाही, आणि उपग्रहावर चालणारं घड्याळ झाडं-इमारतींच्या मध्ये वाकडंतिकडं मोजतं. माझा विश्वास सायकलवर आहे.

एवढा काटेकोरपणा कशाला, हे इतिहासात पाहावं. स्टॉकहोमच्या १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ४०.२ किलोमीटरची होती. १९२० मध्ये अँटवर्पला ती ४२.७५ किलोमीटरची झाली. त्या अँटवर्पच्या शर्यतीत आपल्या बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले धावले आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. लंडनमध्ये १९०८ साली धावलेलं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९२१ मध्ये कायमचं ठरलं. म्हणजे चौगुले आजच्या मॅरेथॉनपेक्षा साडेपाचशे मीटर जास्त धावले. त्यांच्याच वेगाने हिशेब केला तर आजच्या अंतराला त्यांची वेळ २ तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास येते. त्यांच्या नावापुढचा आकडा वाचताना ही दोन मिनिटं कुणी जमेस धरत नाही, याची मला खंत वाटते. उलट बाजूही आहे. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटं १३ सेकंदांचा विश्वविक्रम केला, पण पुढे फेरमोजणीत तो मार्ग सुमारे दीडशे मीटर कमी भरला आणि विक्रम गेला. धावणाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती.

आम्ही वळणावर खडूने खूण करत होतो तेव्हा चहाच्या टपरीवरचे काका धावत आले. “काय मोजून राहिले, भाऊ? रस्ता रुंद होऊन राहिला काय?” नागपूर-कामठी रस्त्यावर कन्हानपर्यंतच्या मेट्रोचं काम निघाल्यापासून टेप घेतलेला माणूस दिसला की दुकानदारांच्या पोटात गोळा येतो. दौडीसाठी मोजतोय म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला आणि चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

तिथेच भरतीची पोरं भेटली. कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे फौजेचं वेड इथल्या घराघरांत, आणि जोडीला पोलीस भरती. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर धावावं लागतं. ही पोरं रोज पहाटे एका मोरीपासून विजेच्या खांबापर्यंत जाऊन परत येत. हे सोळाशे कुणी मोजले, असं विचारलं तर म्हणाले, “आधीच्या बॅचच्या पोरायनं सांगितलं.”

सरांनी काही न बोलता सायकल वळवली. मोरी ते खांब, खांब ते मोरी, दोनदा. वहीत भागाकार केला. अंतर सोळाशेला पन्नास मीटर कमी होतं. पाच मिनिटांत सोळाशे धावणाऱ्याला पन्नास मीटरला नऊ सेकंद लागतात, आणि भरतीच्या मैदानावर काही सेकंदांत गुण बदलतात. एक उंच पोरगा खांबाकडे बघत राहिला. तो आधीच्या भरतीत मैदानावर मागे पडला होता. गावात आपली वेळ चांगली येते आणि तिथे गेलं की पाय जड होतात, असं तो समजत होता. घाबरतो म्हणून त्याला घरीही ऐकावं लागलं होतं. मी आजवर धावण्यावर पुष्कळ वाचलं आहे, पण चुकीच्या मोजमापाने माणसाचं काय होतं हे मला त्या पोराच्या चेहऱ्यावर कळलं. गरिबाच्या पोराला चांगले बूट मिळोत न मिळोत, निदान खरं अंतर मिळायला हवं. त्याला खर्च काय, तर एक टेप, एक सायकल आणि डबाभर रंग.

रंग आमच्याकडे होताच. खांबाच्या पुढे पंचवीस मीटरवर सरांनी खिळा ठोकला आणि पोरांनीच पांढरा पट्टा मारला. पट्टा वाळायच्या आत मागून दोन मुली पुढे आल्या. त्यातली धाकटी म्हणाली, “सर, आमचं आठशे राहते. ते पण मारून द्या ना.” सरांनी वही उघडली.