शंख जिथला तिथे

आमच्या देव्हाऱ्यात एक शंख होता. होता असेच म्हणावे लागते. कारण गेल्या दसऱ्याच्या साफसफाईत तो माझ्याच हातून निसटला, फरशीवर पडला आणि त्याच्या पोटाला उभी चीर गेली. पणजोबांनी तो बेट द्वारकेच्या यात्रेहून आणलेला. वडील, म्हणजे आमचे अण्णा, राजवाड्याच्या देवघरापुढे सनई वाजवीत. त्या चाकरीच्या दिवसांत रोज सकाळी हा शंख फुंकल्यावाचून ते घराबाहेर पडत नसत. काळी चारच्या आसपास त्याचा स्वर लागे. चीर गेल्यापासून त्यातून नुसता वारा येऊ लागला. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले. म्हणून नाताळच्या सुट्टीत शिकवण्या बंद ठेवून, अमावास्या गाठून, मी सौराष्ट्र मेलमध्ये बसलो. शंख ज्या समुद्रातून आला, तिथूनच दुसरा आणावयाचा, हा एकच हेतू.

बडोदेकरांना तो समुद्र परका नव्हे. ओखामंडळ १८१७ साली गायकवाडांकडे आले, आणि बडोदे संस्थान १९४९ मध्ये विलीन होईतो त्यांच्याकडेच राहिले. बेट द्वारकेचे जुने नाव शंखोद्धार. १८५९ साली वाघेरांच्या बंडात इंग्रजी आरमाराने याच बेटावर तोफा डागल्या, त्यात मंदिरांचीही हानी झाली. पुढे सयाजीराव महाराजांच्या अमदानीत जेम्स हॉर्नेल या मत्स्यशास्त्रज्ञाकडून ओखामंडळाच्या सागरी जीवांची पाहणी करविण्यात आली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत निघाला. मोत्यांच्या शिंपल्यांपासून आणि शंखांपासून दरबारला काय उत्पन्न होईल, हाही त्या चौकशीतला एक प्रश्न होता. काळ बदलला. ओख्यापासून जोडियापर्यंतच्या या किनाऱ्याला १९८० साली अभयारण्याचे संरक्षण मिळाले, आणि १९८२ साली त्यातला काही भाग देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान ठरला. बेचाळीस बेटे त्यात येतात.

जामनगरला उतरून पहाटेच मोटारीने नरारा गाठले. वाडीनारजवळची ही जागा अशी की, प्रवाळ पाहण्यास नावेची गरज नाही. ओहोटी लागली की समुद्रच आपणहून मागे सरतो आणि माणसाने पायी आत जावे. वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवून, एका स्थानिक वाटाड्याबरोबर उजाडता उजाडता आम्ही निघालो. डाव्या हाताला तिवरांची राई होती. इकडे तिला चेर म्हणतात. दूर क्षितिजावर तेलाची जहाजे उभी होती. पायांखाली चिखल, मग वाळू, मग पोवळ्यांचा खडक. ‘पाऊल माझ्या पावलात टाका, मास्तर,’ वाटाड्या म्हणाला. ‘हा दगड नाही, जीव आहे.’

खरोखरच, गोल, मेंदूसारख्या वळ्या पडलेली ती पोवळी म्हणजे सूक्ष्म जीवांनी चुन्याने बांधलेली वस्ती. एकेकाळी सिमेंटसाठी याच आखातातून प्रवाळाची वाळू उपशीत असत, हे वाटाड्याकडून ऐकले तेव्हा घशाशी काहीतरी आले. एका डबक्यात फुग्यासारखा फुगणारा केंड मासा दिसला. दुसऱ्यात एक अष्टपाद, दगडाच्याच रंगाचा, हलला तेव्हाच कळला.

पण माझे लक्ष डोळ्यांपेक्षा कानांकडे गेले. सगळ्या खडकातून चटचट, चटचट असा आवाज येत होता. ताशावर कोणी अगदी हलक्या हाताने काडी धरावी तसा. वाटाड्याने एक दगड अलगद उचलला आणि बोटाएवढी कोळंबी दाखविली. तिची एक नांगी दुसरीहून मोठी. ती झटक्याने मिटली की पाण्यात बुडबुडा होतो, तो फुटतो, आणि त्याचा हा आवाज. दगड त्याने जसा होता तसाच परत ठेवला. मी उभा राहून मात्रा मोजू लागलो. कोठेच सम सापडेना.

परतताना वाळूत तो दिसला. पांढरा, भरदार, अगदी आमच्या शंखाच्या आकाराचा. टोक घासून मुखरंध्र केले की झाले! मी तो उचलून झोळीकडे नेला. ‘मूकी द्यो, साहेब,’ वाटाड्या शांतपणे म्हणाला. उद्यानातून रिकामा शिंपलाही न्यावयाचा नाही, असा कायदा. मी आमच्या शंखाची सारी कहाणी त्याला सांगितली. त्याने ती ऐकली आणि शंख माझ्या तळहातावर उपडा धरावयास सांगितला. थोड्या वेळाने आतून दोन तांबूस पाय बाहेर आले. शंखाचा मूळ धनी केव्हाच गेला होता. त्याच्या घरात आता एक खेकडा राहावयास आला होता. मी शंख खाली ठेवला. एवढ्यात भरतीची रेघ दिसू लागली आणि आम्ही झपाझप निघालो.

दुसऱ्या दिवशी ओख्याहून बेट द्वारकेला गेलो. पूर्वी येथे होडीच होती. फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू झाला आहे. दर्शन झाले. बाजारात शंख विकावयास होते. ते कोणत्या समुद्रातले, एवढेच मी विचारले. विक्रेत्याला सांगता येईना. मी तसाच परत फिरलो.

घरी आल्यावर अण्णांपुढे रिकाम्या हाताने बसलो आणि घडले ते सांगितले.

‘बरे केलेस,’ ते म्हणाले. थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘ऐकलेस काय तिथे?’

मी त्या कोळंबीची चटचट पाटावर बोटांनी वाजवून दाखवू लागलो. अण्णा ऐकत राहिले. मग त्यांची बोटेही खाटेच्या दांडीवर चालू लागली. बराच वेळ आम्ही दोघे सम शोधीत होतो.